उंबरठ्याच्या आत

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजच्या अग्रलेखाने सकाळ नासवली. आमच्या शहराला दैनिक एकच. आठ पानं, त्यातली तीन जाहिरातींची आणि अर्धं राशिभविष्याचं. संपादक माझा शाळेतला बाकसोबती. त्याची अक्कलदाढ मीच काढली होती. आता वाटतं, राहू द्यायला हवी होती.

पालिका घरपट्टीवर नवा कर बसवणार आहे. नाव 'घरभेट कर'. त्यातून सहा परिचारिका नेमायच्या, आणि ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे तिथे त्यांनी दर आठवड्याला जायचं. घरच्यांनी बोलावलं असो वा नसो. एप्रिलअखेर नागरिकांचा कौल घेणार. संपादक लिहितो, "कर म्हणजे खिशाची गळती नव्हे, तो एकमेकांना दिलेला हात आहे. बंद दारामागचं दुखणं एकट्या घराचं नसतं."

पुढे केलेला हात आणि खिशात घातलेला हात यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने अग्रलेख लिहू नयेत. आणि दारामागचं दुखणं काय असतं ते मला कोणी सांगायची गरज नाही. हिला दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलते, पण शब्द तोंडात अडखळतात, बाहेरच्यांना उमगत नाहीत. मला मात्र ती बोलायच्या आधीच कळतं तिला काय हवंय ते. खाली माझा दातांचा दवाखाना, वर घर. दर दोन तासांनी मी जिना चढून जातो. छोटी मदतीला असते. छोटी म्हणजे आमची मुलगी, एकतीस वर्षांची आहे, पण नाव पडलं ते पडलं. दवाखान्यात माझ्या हाताखाली काम करते. तिघांचं नीट चाललंय. कोणाच्या दारात आम्ही गेलो नाही.

पेशंटच्या नोंदींसाठी आणलेली एक वही कोरी राहिली होती, तिच्यात आजपासून लिहायचं ठरवलंय. डोक्यात जे खदखदतं त्याला कुठेतरी जागा हवी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संपादकाला पत्र लिहिलं. दुपारी एका बाईंच्या दाढेत सिमेंट भरताना सगळा मुद्दा त्यांना समजावून सांगितला. मग एका कारकुनाला, मग त्याच्या सासऱ्यांना. तिघांचीही तोंडं उघडी होती. कोणी हरकत घेतली नाही.

छोटी चिमटा पुढे करत म्हणाली, "बाबा, त्यांना बोलता येत नव्हतं."

मी म्हटलं, "मान हलवता येते की."

"नाही येत. तुम्ही धरली होती."

पोरगी अलीकडे फटकळ होत चाललीय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र छापलं, पण शेपूट कापून. तरी मुख्य वाक्य वाचलं. "जो कर घेताना माझी इच्छा विचारत नाही, तो घरात शिरताना तरी का विचारेल?" लोखंडी सामानाचा दुकानदार रस्त्यात थांबवून म्हणाला, "डॉक्टर, सणसणीत." कानाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी संपादकाचा फोन. "अरे डॉक्टर, शेपूट जागेअभावी गेलं, राग धरू नकोस. वहिनी कशा आहेत? एकदा येऊन जाऊ का बघायला?"

"नको. माणसं आली की तिला त्रास होतो."

"त्या म्हणाल्या असं?"

"मला माहीत आहे."

तो म्हणाला, "बरं." पूर्वी हा आणि ही तासन्‌तास वाद घालायचे. मी चहा करून द्यायचो. झटक्यानंतर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तो गेल्यावर ही रडली. म्हणून मी त्याचं येणं थांबवलं. तिला रडताना मला बघवत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज कहर झाला. पालिकेच्या नर्सबाई दारात उभ्या. वयाने पन्नाशीच्या, हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद. कर अजून मंजूर नाही, तर ही म्हणे नुसती पाहणी. "घरात कोणी आजारी आहे असं कळलं. दोन मिनिटं भेटून जाते."

मी विचारलं, "कोणाकडून कळलं?"

"यादीत आहे."

माझ्या बायकोचं नाव यादीत आहे आणि यादी कोणी केली ते ठाऊक नाही. याला म्हणतात दिलेला हात. मी शांतपणे सांगितलं की मी स्वतः डॉक्टर आहे. त्या म्हणाल्या, "दातांचे ना?" त्यात खोच नव्हती, साधा प्रश्न होता, पण मला लागला. मी दार लावून घेतलं.

वर ही डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर चमचा आपटत होती. सारखी, थांबेचना. तहान लागली असणार. पाणी दिलं तर तोंड फिरवलं. नर्सबाईंचा आवाज वरपर्यंत गेला असेल, घाबरली असेल. म्हटलं, "घाबरू नकोस, घालवून दिलं त्यांना." तेव्हा थांबली.

२ मार्च, रविवार

दैनिक माझी पत्रं कापणार असेल तर आपलं आपण छापावं. एकपानी पत्रक काढलं, नाव 'उंबरठा'. पाचशे प्रती. लोखंडवाल्या दुकानदाराने दुकानात ठेवल्या, कापडवाल्याने पिशवीतून वाटल्या.

दैनिकाने गेल्या आठवड्यात लिहिलं होतं, "स्वातंत्र्य म्हणजे एकटं पडण्याचा हक्क नव्हे." त्याला मी उत्तर दिलं, "एकटं राहण्याचा हक्क काढून घेतलात, की उरलेले हक्क म्हणजे तुरुंगाच्या भिंतीवर लावलेली जेवणाची यादी." हे वाक्य जमलंय. हिला दोनदा वाचून दाखवलं.

एक गोष्ट खटकली, तीही लिहून ठेवतो. लोखंडवाला म्हणाला, "जे आज ना उद्या जायचेच, त्यांच्यापायी आपण का भरायचं?" माझं म्हणणं हे नाही. त्याला तसं सांगायला हवं होतं. पण तो त्या वेळी प्रती मोजून घेत होता, आणि दुकानात गिऱ्हाईकं होती.

९ मार्च, रविवार

छोटीने एका पुठ्ठ्यावर सगळी अक्षरं मोठी मोठी लिहून काढलीत, काना-मात्रा-वेलांट्यांसकट. ही डाव्या हाताच्या बोटाने एकेक अक्षर दाखवते, छोटी वहीत उतरवते. दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा दोघींचं हे चालतं. शब्दकोड्यासारखा खेळ आहे. मी आत गेलो की छोटी वही मिटते. बायकांचं काहीतरी असेल. मी विचारत नाही. घरातसुद्धा ज्याचं त्याला स्वातंत्र्य हवं, मी बोलतो तसा वागतो.

हिच्या कमरेखाली एक जखम दिसतेय, रुपयाएवढी. पडून राहिल्याने होते. मलम लावलं. छोटी म्हणाली, "बाबा, हे कोणाला तरी दाखवूया." मी म्हटलं, "मी बघितलंय." हिरड्यांच्या याहून वाईट जखमा मी बऱ्या केल्यात.

१८ मार्च, मंगळवार

दैनिकाने कराच्या बाजूने एक पत्र छापलंय, पहिल्या पानावर, चौकटीत. सही 'खिडकीजवळची'. उतरवून ठेवतो, कारण उत्तर द्यायचंय.

"मी अंथरुणावर आहे. मला घरात कोणी उपाशी ठेवत नाही. कोणी ओरडत नाही. माझी काळजी घेणारं माणूस चांगलं आहे. पण दोन वर्षांत मला काय हवंय हे मला कोणी विचारलेलं नाही. सगळ्यांना ते ठाऊक असतं. आठवड्यातून एकदा एक अनोळखी बाई येईल आणि विचारेल, कुठे दुखतंय? एवढ्यासाठी मी कर भरायला तयार आहे. माझ्या नावावर घर नाही, तेव्हा माझी बांगडी घ्या. माझ्या घराच्या स्वातंत्र्यावर हल्ली पुष्कळ लिहून येतं. त्या घरात मी पण राहते."

कसबी हात आहे. संपादकाचाच, दुसरा कोणाचा? शेवटचं वाक्य बघा, कसं नेमकं टाकलंय. अंथरुणाला खिळलेलं माणूस असं लिहीत नाही. मी रोज बघतो अंथरुणाला खिळलेलं माणूस.

१९ मार्च, बुधवार

उत्तर एका बैठकीत लिहून झालं. मथळा 'बनावट अश्रू'. लिहिलंय की, संपादकमजकुरांना मुद्दे संपल्यावर पलंगावरची बाई सुचली. ही बाई कुठेच राहत नाही, ती दैनिकाच्या कचेरीत टेबलाच्या खणात राहते. आणि चुकून खरीच असली, तर ती कृतघ्न आहे. जो माणूस दोन वर्षं तिचं हागणंमुतणं काढतो, त्याची तक्रार ती गावाच्या चव्हाट्यावर करते. असल्या बाईला नर्स कशाला हवी, तिला प्रेक्षक हवेत.

शेवटचा भाग तिखट झालाय. पण तिखटाशिवाय लोक वाचत नाहीत.

दुपारी वर जाऊन हिला सगळं वाचून दाखवलं. छोटी उशाशी होती. 'कृतघ्न' आलं तेव्हा हिने डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. आवडलं की ती पूर्वीपासून डोळे मिटूनच ऐकते, गाणंसुद्धा. छोटी मध्येच उठून गेली. मोरीत किती तरी वेळ नळ चालू होता.

२३ मार्च, रविवार

'बनावट अश्रू'च्या हजार प्रती संपल्या. कापडवाला म्हणतो, कौल आता आपल्याच बाजूला.

छोटी चार दिवस कामापुरतं बोलते. आज म्हणाली, "माझा पगार माझ्या हातात द्याल का?" तो मी तिच्या नावाने बँकेत ठेवतो, पासबुक माझ्याकडे असतं. मी म्हटलं, "कशाला हवाय?" ती म्हणाली, "ते सांगावं लागणार असेल तर नको." आणि उपकरणं उकळायला गेली. मी प्रश्न साधा विचारला होता.

ही आता अक्षरांचा खेळ खेळत नाही. पुठ्ठा कपाटावर गेलाय. कंटाळली असेल.

२ एप्रिल, बुधवार

आज दैनिकाच्या कचेरीत गेलो. दोन खोल्या, शाईचा वास, खिडकीच्या तावदानाला कागद चिकटवलेला. संपादक चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधत होता. मी सरळ म्हटलं, "त्या बाईचं मूळ पत्र दाखव. नसेल तर उद्याच्या अंकात कबूल कर."

"पत्र खरं आहे. पत्ता माझ्याकडे आहे. दाखवणार नाही."

"का?"

"तशी अट आहे तिची."

"घाबरते कोणाला?"

"घाबरत नाही रे." त्याने कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरच्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून. तू जे छापलंस ना, ते ती वाचेल याचा तू विचार केला होतास का?"

"खोट्या माणसाला वाचता येत नाही."

मला वाटलं आता उलट काहीतरी झणझणीत बोलेल, तशी त्याची सवय. पण म्हणाला, "घरी जा. वहिनींजवळ बस थोडा वेळ. आणि वाचून दाखवू नकोस काही."

घरी येताना त्या घरच्या माणसाचा विचार मनात येत होता, असलाच तर. बिचारा. बायको पेपरात लिहिते आणि त्याला पत्ता नाही. त्याची कीव आली.

११ एप्रिल, शुक्रवार

जाहीर सभा झाली. शाळेचं सभागृह भरलं होतं. सर्वांत आधी संपादक बोलला, हळू आवाजात, आकडे देऊन. पलीकडच्या गावात हा कर सात वर्षं आहे, तिथे कोणाचं स्वातंत्र्य गेलं ते दाखवा, म्हणाला. मी उठलो आणि म्हटलं, "गेलेलं स्वातंत्र्य दाखवता येत नाही, कारण ते गेलेलं असतं." हशा पिकला. मग मी सांगितलं, "माझी बायको दोन वर्षं अंथरुणावर आहे. तिला मी सांभाळतो. एका पैशाचा कर न घेता. ती सुखात आहे. तिला विचारा." टाळ्या थांबेनात.

मागच्या रांगेतून त्या नर्सबाई उभ्या राहिल्या. "विचारायलाच आले होते डॉक्टर, आत सोडलं नाहीत." लोकांनी त्यांना खाली बसवलं. तेवढं बरं नाही झालं. बोलू द्यायला हवं होतं.

घरी आलो तर हिला ताप. छोटी म्हणाली, "दुपारपासून आहे. आता तरी रुग्णालयात न्या." जखम तळहाताएवढी झालीय, वास येतो. पेशंटना देतो त्याच प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. खिडकी उघडून ठेवली. रुग्णालयात नेलं तर कौलाच्या तोंडावर बोभाटा होईल, हा विचार मनात आला. येऊन गेला. त्यामुळे थांबलो असं नाही. गोळ्यांनी ताप उतरतोच.

१४ एप्रिल, सोमवार

ताप उतरला. छोटीला तसं सांगितलं.

छोटीने पालिकेतून एक अर्ज आणलाय, घरून मत देण्यासाठी. जे उठू शकत नाहीत त्यांच्याकडे अधिकारी येतो, पण अर्जावर घरमालकाची सही लागते. छोटीची चालत नाही, घर माझ्या नावावर. मी सही केली नाही. अधिकारी येणार, पेटी आणणार, हिला उठवून बसवणार. कशाला तो त्रास? आणि मत तर एकच.

छोटीने अर्ज उचलला, घडी घातली. "तिला विचाराल?" म्हणाली.

मी म्हटलं, "झोपलीय."

झोपली नव्हती. छताकडे बघत होती. मी हे का लिहितोय, ठाऊक नाही.

२७ एप्रिल, रविवार

जिंकलो. कर एकोणचाळीस मतांनी फेटाळला गेला. लोखंडवाल्याने दुकानासमोर सगळ्यांना थंड पेय दिलं. मला खांद्यावर घ्यायचा विचार होता, कंबर दुखते म्हणून नको म्हटलं.

संपादक पालिकेच्या पायऱ्यांवर उभा होता. येऊन हात मिळवला. "अभिनंदन," म्हणाला. त्याचा हात गार होता.

घरी छोटीला सांगितलं. ती म्हणाली, "आईला पुन्हा ताप आहे. एकशेतीन." मी वर गेलो. हिने मला ओळखलं की नाही कोण जाणे.

२८ एप्रिल, सोमवार

छोटीने मला न विचारता रुग्णवाहिका बोलावली. मी एका पेशंटची कवळी बसवत होतो. जिन्यावर जड पावलं वाजली म्हणून बाहेर आलो, तर दोन माणसं हिला खाली आणत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा ही जिना उतरली. दवाखान्यातल्या बाकावर तिघं बसले होते, ते उभे राहिले.

रुग्णालयात तरुण शल्यविशारद होती. चादर बाजूला करून तिने बघितलं आणि मास्क नीट केला. हाड दिसतंय, म्हणाली. मग विचारलं, "कोण बघत होतं यांच्याकडे?"

"मी."

"आपण?"

"डॉक्टर आहे." तिने मान वर केली तेव्हा पुढचं आपणहून सांगितलं. "दातांचा."

तिने ते कागदावर लिहून घेतलं. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

३ मे, शनिवार

शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झाले. वाचेल म्हणतात. अजून नक्की नाही.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात छोटी आणि मी बाकावर बसलो होतो. मी म्हटलं, "त्या दैनिकाला आता चांगला विषय मिळाला. लिहील उद्या आपल्यावर."

"नाही लिहिणार. काका तसे नाहीत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, ते पत्र आईचं होतं."

"कोणतं?"

"तुम्हाला माहितीय कोणतं. चार दुपारी लागल्या. 'माझी काळजी घेणारं माणूस चांगलं आहे' हे वाक्य मी गाळूया म्हणत होते. तिने गाळू दिलं नाही."

समोरून एक माणूस फरशी पुसत पुसत आला. आम्ही पाय वर घेतले. तो पुढे गेला.

मी म्हटलं, "तू मला सांगायला हवं होतंस."

"कधी? तुम्ही वाचून दाखवत होतात तेव्हा?"

"मला ठाऊक असतं तर मी..."

"दोन वर्षं ती तुम्हाला सांगतेय बाबा. चमचा आपटून सांगितलं, रडून सांगितलं. शेवटी पेपरात छापून सांगितलं."

मी घरी येऊन 'बनावट अश्रू' काढून पुन्हा वाचलं. भाषा चांगली आहे. हेच सगळ्यात वाईट वाटलं.

तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं का? कचेरीतून घरी येताना मी त्या घरच्या माणसाची कीव केली होती. इतकी कीव अनोळखी माणसाची कोणी करतं का? आता ठरवता येत नाही. मागची पानं वाचली तर लिहिणाऱ्यावर विश्वास बसत नाही.

१४ मे, बुधवार

ही घरी येणार नाही.

काल शल्यविशारदबाईंनी, छोटीने आणि मी पलंगाभोवती बसून विचारलं. म्हणजे त्यांनी विचारलं. मी दोनदा मध्ये बोललो, तेव्हा बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "त्यांना सांगू द्या." हिचं बोलणं कळायला वेळ लागतो, पण धीर धरला तर कळतं. ते आजवर मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं, पलीकडच्या गावातल्या शुश्रूषागृहात जायचंय. छोटीने तिथे प्रयोगशाळेत नोकरी मिळवली आहे, खोली घेतली आहे. रहिवाशाच्या आईला तिथे जागा मिळते. शुश्रूषागृह चालतं त्या गावाच्या घरभेट करावर.

मी हिला म्हटलं, "माझं काय चुकलं ते सांग, मी सुधारतो."

तिने बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "थकले." फक्त तेवढंच. मला तिच्यावर रागवायचं होतं, पण ती खरंच थकलेली दिसत होती.

छोटीने पासबुक मागितलं. दिलं.

२२ मे, गुरुवार

दवाखाना उघडतो, बंद करतो. उपकरणं मीच उकळतो. पेशंटशी बोलायला जातो आणि त्यांचं तोंड उघडं बघून थांबतो. आज एका म्हाताऱ्याने चूळ भरल्यावर विचारलं, "डॉक्टर, बरं नाही का?" मी म्हटलं, "बरा आहे." तो म्हणाला, "दुसरा पण दुखतोय. मघापासून सांगायचं होतं." आठ वर्षं तो माझ्याकडे येतोय.

लोखंडवाला येऊन गेला. पालिका पुढच्या वर्षी तोच कर पुन्हा आणणार आहे, 'उंबरठा' चालू ठेवा म्हणतो. मी विचार करून सांगतो म्हटलं. तो पायरी उतरताना म्हणाला, "वहिनींचं कळलं. सुटलात एका अर्थी." मी दार लावलं. आता दोन तास झाले. त्याला थोबाडीत मारायला हवी होती की स्वतःला, ते नक्की होत नाही.

५ जून, गुरुवार

बस पाऊण तासाची. शुश्रूषागृह एकमजली, बाहेर लांब पडवी, प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार. दाराशी बसलेल्या सेविकेने वहीत माझं नाव लिहून घेतलं, नातं विचारलं, आणि म्हणाली, "थांबा, विचारून येते."

मी म्हटलं, "मी नवरा आहे."

"हो, लिहिलं ना. विचारून येते."

परत येऊन म्हणाली, "आज नको म्हणाल्या."

"बरं नाही का?"

"बऱ्या आहेत. नको म्हणाल्या."

माझ्या डोक्यात एकदम चार वाक्यं तयार झाली, नियमांवर, हक्कांवर. मी फाटकाकडे वळलो. दारावरचा माणूस आधी परवानगी विचारतो, आतलं माणूस नको म्हणतं, आणि बाहेरचा निघून जातो. तीन महिने मी यासाठीच तर भांडलो. पण तेव्हा दाराच्या आत मी होतो.

१२ जून, गुरुवार

आज नको म्हणाली.

परतताना संपादक बसमध्ये भेटला. तिकडूनच येत होता. मला शेजारी जागा करून दिली. त्याला तिने आत घेतलं होतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "पुढच्या वर्षी कर पुन्हा येतोय. विरोधात लिहायचं असेल तर लिही. यावेळी शेपूट कापणार नाही."

"आणि बाजूने लिहिलं तर?"

"तेही छापीन." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पण तिच्याबद्दल लिहू नकोस. दोन्हीकडून नको."

घरी आल्यावर कागद घेऊन बसलो. कराविरुद्धचे माझे मुद्दे मला अजून खोटे वाटत नाहीत. यादी कोण करतं, दार कोण उघडतं, हे विचारलंच पाहिजे. पण ते कोणाच्या वतीने विचारत होतो, हे लिहायला गेलो की पेन अडतं. शेवटी 'संपादक महोदय' एवढंच लिहून झालं.

२६ जून, गुरुवार

मागच्या गुरुवारी नको म्हणाली. आज सेविका आत गेली, ती बराच वेळ आली नाही. मी पडवीतल्या बाकावर बसलो. शेजारच्या खोलीतला माणूस रेडिओ ऐकत होता. तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला, तुटक, घोगरा, मध्ये श्वास लागलेला. मी कान दिला. मला वाटलं कोणी दुसरी बाई असेल.

सेविका बाहेर आली ती पदराने डोळे पुसत, स्वतःही हसत. मला बघून गंभीर झाली.

"त्या हसत होत्या?" मी विचारलं.

"हो. सकाळी मुलगी येऊन काहीतरी सांगून गेली, तेच मला सांगत होत्या. पुरं सांगेपर्यंत वीस मिनिटं लागली."

"काय सांगितलं?"

ती घुटमळली. "ते मी कसं सांगू? त्यांचं आहे ते."

"बरोबर," मी म्हटलं. "माझ्याबद्दल विचारलंत?"

"विचारलं. आज नको म्हणाल्या."

मी वहीत निघण्याची वेळ लिहिली, खाली सही केली. तिने विचारलं, पुढच्या गुरुवारी येणार का. मी हो म्हटलं. बसला वेळ होता, म्हणून फाटकाबाहेर उभा राहिलो. हसण्याचा आवाज पुन्हा येतो का ते ऐकत होतो. बस आली आणि मी तिच्यात चढलो.